हालचाल न सोसणारे कापड

चिंचवडमधील औषधांच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत शीट मास्कची पाकिटे आता सर्रास टांगलेली दिसतात. चेहऱ्याच्या आकारात कापलेले, डोळे, नाक आणि तोंड यांसाठी मोकळी जागा ठेवलेले, सीरम नावाच्या पाणीदार द्रवात भिजवलेले आणि पंधरा-वीस मिनिटे चेहऱ्यावर ठेवून टाकून द्यायचे असे हे कापड असते. बहुतेक मास्कच्या बाबतीत वापरणाऱ्यांची तक्रार एकच असते: नाकपुड्यांच्या कडेला कापड उचलले जाते, हनुवटीवरून द्रव गळ्यावर ओघळतो आणि उठून बसावे तर सगळेच खाली घसरू लागते. मात्र ज्यांच्या पाकिटावर ‘बायो-सेल्युलोज’ असे छापलेले असते ते थोडे महाग मास्क चेहऱ्याच्या प्रत्येक वळणावर चिकटून बसतात, फारसे गळत नाहीत आणि लावल्यावर जवळजवळ दिसेनासे होतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर साधा सुती मास्क आणि हा महाग मास्क हे दोन्ही एकाच पदार्थाचे, म्हणजे सेल्युलोजचे बनलेले असतात. तरीही त्यांच्या वागण्यात एवढा फरक पडतो, कारण पहिल्याचे तंतू कापसाच्या बोंडात तयार होतात आणि दुसऱ्याचे तंतू जिवाणू तयार करतात.

एकच रेणू, निराळी जाडी

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेच्या शेकडो-हजारो रेणूंची सरळ साखळी. या साखळीतील प्रत्येक ग्लुकोज शेजारच्या ग्लुकोजच्या तुलनेत उलटा बसलेला असल्यामुळे साखळी वळत नाही, ताठ राहते, आणि अशा ताठ साखळ्या शेजारीशेजारी आल्या की त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजन आणि दुसऱ्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील क्षीण पण संख्येने प्रचंड असलेली आकर्षणे, तयार होतात. भात आणि बटाट्यातील स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. परंतु तेथे जोडणी वेगळ्या कोनात होत असल्याने साखळी वेटोळी होते आणि गरम पाण्यात फुगून मऊ पडते. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, मात्र पाण्याला धरून ठेवण्याची त्याला ओढ असते, आणि शीट मास्कला नेमका हाच गुण हवा असतो.

कापसाचा एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर लाकडाचा लगदा विरघळवून त्यापासून पुन्हा काढलेले व्हिस्कोस किंवा लायोसेल यांचे तंतूही याच्याच आसपास जाड असतात. जिवाणूंनी तयार केलेली सेल्युलोजची पट्टी मात्र बहुधा 100 नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे मायक्रोमीटरच्या एक दशांशापेक्षाही कमी रुंद असते. हा फरक शंभर ते दोनशे पटींचा आहे आणि बाकी सगळे त्यातूनच निष्पन्न होते. वजन तेच ठेवून तंतू शंभरपट बारीक केला तर पाण्याला स्पर्श करणारे त्याचे पृष्ठफळ सुमारे शंभरपट वाढते आणि तंतूंमधल्या मोकळ्या जागा तितक्याच अरुंद होतात. अरुंद जागेत शिरलेले पाणी केशाकर्षणामुळे, म्हणजे ज्या बलामुळे दिव्याच्या वातीत तेल चढते त्या बलामुळे, घट्ट धरले जाते. जिवाणूंनी बनवलेल्या ताज्या थराचे वजन केले तर त्यातले सुमारे 99 टक्के पाणी असते आणि सेल्युलोज जेमतेम एक टक्का, तरीही तो थर हाताने उचलता येतो आणि फाटत नाही.

जिवाणूचा सोऱ्या

या जिवाणूची शास्त्रीय नोंद 1886 साली ए. जे. ब्राउन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने केली. मद्यनिर्मितीशी त्याचा कामाचा संबंध होता. व्हिनेगर आंबवणाऱ्या जिवाणूंपैकी एक प्रकार द्रवाच्या पृष्ठभागावर जाड, चिवट पापुद्रा धरतो आणि हा पापुद्रा रासायनिक कसोट्यांना कापसाप्रमाणेच उतरतो, हे त्याने दाखवले. त्या जिवाणूचे वर्गीकरण पुढे अनेकदा बदलले. अ‍ॅसिटोबॅक्टर झायलिनम हे नाव जुन्या पुस्तकांत आढळते आणि अलीकडच्या लेखनात त्याला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस असे म्हणतात. पिकून सडू लागलेली फळे, फुलांतील मध, ताडीसारखी आंबलेली पेये ही त्याची नैसर्गिक वस्ती. आज शहरांत लोकप्रिय झालेल्या कोंबुचाच्या बरणीत वर तरंगणारी जाड चकती हीसुद्धा याच कुळातील जिवाणूंची आणि त्यांच्या सोबतीच्या यीस्टची निर्मिती आहे.

काही मायक्रोमीटर लांबीच्या या दांडीसारख्या पेशीला तंतू कसा घालता येतो, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातील शेवेचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणावा. पेशीच्या लांबीच्या दिशेने, एका ओळीत, बरीच छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे सेल्युलोज बांधणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, बसलेले असते. पेशीत आलेला ग्लुकोज आधी एका वाहक रेणूला जोडला जातो. विकर त्याला वाहकापासून सोडवून साखळीच्या टोकाला लावते आणि लांबत जाणारी साखळी छिद्रातून बाहेर ढकलते. सोऱ्यातून पडणारी शेव वेगवेगळीच राहावी अशी अपेक्षा असते. येथे मात्र शेजारच्या छिद्रांतून निघालेल्या साखळ्या बाहेर पडताच हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात, त्यांचे तीन-चार नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू होतात, आणि संपूर्ण ओळीतील सूक्ष्मतंतू मिळून एक चपटी पट्टी बनते. आणखी एक फरक असा की हा सोऱ्या एका जागी राहत नाही. पट्टी मागे ढकलली जात असताना पेशी पुढे सरकते. 1976 साली अमेरिकी संशोधक आर. माल्कम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले, तेव्हा पट्टी लांबण्याचा वेग मिनिटाला सुमारे दोन मायक्रोमीटर भरला.

छिद्रांमागचे विकर सतत चालू नसते. ते सुरू करण्याचा इशारा एका लहानशा रेणूकडून मिळतो, आणि तो रेणू जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मोशे बेन्झिमन यांच्या गटाने याच जिवाणूत 1987 साली ओळखला. त्या वेळी ही एका जिवाणूपुरती बाब वाटली असेल. पुढे हाच रेणू असंख्य जिवाणूंमध्ये ‘पोहणे थांबवा आणि थर करून राहा’ असा निर्णय घडवतो असे आढळले, आणि दातांवरच्या किटणापासून रुग्णालयातील नळ्यांवर साचणाऱ्या जिवाणूंपर्यंत अनेक थरांच्या अभ्यासात तो महत्त्वाचा ठरला.

पापुद्रा पृष्ठभागावरच का धरतो

पेशीला एवढी साखर खर्च करून तंतू बाहेर टाकण्याचे कारण काय, याचे उत्तर तिच्या श्वासात आहे. या जिवाणूला ऑक्सिजनशिवाय जगता येत नाही. द्रवात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो आणि तोही वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. पट्ट्यांच्या गुंतवळ्यात अडकलेल्या पेशी खाली बुडत नाहीत, हवेच्या सान्निध्यात राहतात, शिवाय ओला थर त्यांना सुकण्यापासून आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून थोडे संरक्षणही देतो. म्हणून उथळ भांड्यात गोड, किंचित आंबट द्रव ठेवून त्यात हे जिवाणू सोडले की दोन-तीन दिवसांत पृष्ठभागावर धूसर पडदा दिसू लागतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्याचा सेंटिमीटरभर जाड, लवचिक थर होतो. नवे तंतू नेहमी वर, हवेला लागून बनतात आणि जुना थर खाली ढकलला जातो. यामुळे थराची रचना एकसंध असते: त्यात ताणा नाही, बाणा नाही, गाठ नाही, दोन धाग्यांमधली मोठी फट नाही. भांड्याचा जो आकार तोच थराचा आकार.

फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर असाच थर वाढवून त्याचे चौकोनी तुकडे पाकात मुरवतात आणि ‘नाता दे कोको’ या नावाने खातात; त्याचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सुरू झाला आणि 1990च्या दशकात जपानने तो पदार्थ अक्षरशः डोक्यावर घेतला. चेहऱ्यावर लावायचा मास्क आणि खायची मिठाई यांचा मूळ माल एकच आहे हे अनेकांना विचित्र वाटेल. पण कोकणात खोबऱ्यासाठी नारळ फोडताना वाया जाणारे पाणीही या जिवाणूला तितकेच मानवते.

पिंपरीच्या टाक्या आणि निश्चल तबके

चिंचवडच्या वाचकाला येथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सूक्ष्मजीवांकडून माल तयार करून घेण्याची कला या परिसराला नवी नाही: शेजारच्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या तिच्या कारखान्यात 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. मग ज्या पद्धतीने बुरशीकडून पेनिसिलिन मिळवले त्याच पद्धतीने जिवाणूंकडून हे कापड का मिळवू नये?

पेनिसिलिनचा इतिहास पाहिला तर आरंभी तेही निश्चल पृष्ठभागावरच वाढवले जात होते. 1940च्या सुमारास ऑक्सफर्डमधील संशोधकांनी शेकडो उथळ भांड्यांत बुरशीचे थर वाढवून त्याखालच्या द्रवातून औषधाचे किरकोळ प्रमाण काढले. खरी क्रांती झाली ती बुरशीला द्रवात बुडवून, खालून निर्जंतुक हवा फुंकून आणि आतली पाती फिरवत ठेवून उंच टाकीत वाढवण्याच्या तंत्राने. पृष्ठभागाची अट सुटली, सगळ्या द्रवाला ऑक्सिजन मिळू लागला आणि एका टाकीने हजारो भांड्यांचे काम केले. पिंपरीतील कारखाना उभा राहिला तो याच तंत्रावर. पेनिसिलिन हा विरघळलेला रेणू असल्यामुळे तो ढवळलेल्या द्रवात बनला काय किंवा स्थिर द्रवात बनला काय, त्याच्या गुणात फरक पडत नाही.

सेल्युलोजच्या थराची गोष्ट अगदी उलट आहे, कारण येथे विकायचा माल रेणू नसून रचना आहे. द्रव ढवळला की पट्ट्या सलग जाळे विणण्याऐवजी गोळ्यांत, पुंजक्यांत आणि तुसांत गुंततात, पात्यांना लपेटतात आणि द्रव इतका दाट होतो की हवा नीट पसरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ढवळलेल्या टाकीत सर्व पेशींना ऑक्सिजन आयताच मिळत असल्यामुळे ज्या पेशी उत्परिवर्तनाने, म्हणजे आनुवंशिक बदलाने, सेल्युलोज बनवणे सोडून देतात त्यांची साखर वाचते, त्या वेगाने वाढतात आणि काही पिढ्यांत आळशांचीच बहुसंख्या होते. निश्चल भांड्यात असा आळशीपणा फायद्याचा ठरत नाही. जो तरंगत नाही तो गुदमरतो.

तरीही ढवळण्याचा नाद संशोधकांनी सोडलेला नाही, आणि महाराष्ट्रात या विषयावर झालेले एक ठळक काम त्याच दिशेचे आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. देशभरातील प्रयोगशाळांना लागणारे जिवाणू, बुरशी आणि यीस्ट तेथे क्रमांक देऊन जपले जातात. या संग्रहातील 2529 क्रमांकाचा, ग्लुकोनॅसिटोबॅक्टर हॅन्सेनाय या जातीचा जिवाणू घेऊन जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनी 2012-13च्या सुमारास हलत्या भांड्यांतही सेल्युलोजचे उत्पादन कसे वाढवता येईल याचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा अभ्यासांना मोल आहे, कारण पुंजक्यांच्या रूपातले सेल्युलोजही कागद, अन्नपदार्थ आणि पाणी शुद्ध करणारी माध्यमे यांत वापरता येते. परंतु शीट मास्कसाठी सलग थर हवा असल्याने तेथे अजूनही रांगेत रचलेली उथळ तबकेच लागतात. मास्क महाग असण्याचे मोठे कारण सीरममधल्या दुर्मीळ घटकांपेक्षा या तबकांनी अडवलेली जागा, दिवस आणि माणसांचे हात हेच असावे, असे मानायला जागा आहे. स्टेनलेस स्टीलची टाकी उंच करता येते. तबक मात्र फक्त पसरतेच.

चौकट : दुकानात कापड कसे ओळखावे

ओल्या अवस्थेत अर्धपारदर्शक, काहीसा जेलीसारखा लवलवीत आणि विणीची अथवा तंतूंची खूण न दिसणारा मास्क बहुधा जिवाणूजन्य सेल्युलोजचा किंवा हायड्रोजेलचा असतो. पैकी हायड्रोजेल ताणले तर तुटते, तर सेल्युलोजचा थर चिवट असतो. जिवाणूजन्य मास्कच्या दोन्ही बाजूंना बहुधा जाळीचे किंवा पातळ फिल्मचे आधार-पापुद्रे असतात; ते काढायचे राहून गेले तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. ‘कॉटन’, ‘टेन्सेल’ किंवा ‘क्युप्रा’ असे लिहिलेले मास्क वनस्पतीजन्य सेल्युलोजचे असतात आणि काही स्वस्त मास्कमध्ये पॉलिएस्टरही मिसळलेले असते. वेष्टनावर घटकांची यादी छापणे भारतात 2020च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार आवश्यक आहे; मात्र ती यादी मुख्यतः द्रवाची असते, कापडाची माहिती वेगळ्या ओळीत शोधावी लागते.

धुण्यापासून पाकिटापर्यंत

तबकातून उचललेला थर लगेच चेहऱ्यावर लावण्याजोगा नसतो. त्यात लक्षावधी जिवाणू, त्यांनी तयार केलेली आम्ले आणि उरलेली साखर अडकलेली असते, आणि रंगही पिवळसर असतो. म्हणून तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य, गरम द्रावणात ठेवतात. त्याने पेशी फुटतात, त्यांची प्रथिने विरघळून बाहेर येतात, पण सेल्युलोजला धक्का लागत नाही. त्यानंतर स्वच्छ पाण्याने वारंवार धुऊन अल्क पूर्णपणे काढून टाकला की थर पांढरा, गंधहीन आणि आम्ल-अल्क या दोन्ही बाबतींत उदासीन होतो. पाकिटावर ‘बॅक्टेरिया’ हा शब्द वाचून दचकणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तयार मालात कारागीर उरलेला नसतो, त्याचे काम तेवढे उरलेले असते. लाकडाच्या सेल्युलोजमधून लिग्निन आणि हेमिसेल्युलोज हे सोबतचे पदार्थ काढण्यासाठी कागद गिरण्यांना जी तीव्र रसायने लागतात त्यांची येथे गरज पडत नाही, कारण हे सेल्युलोज मुळातच निर्भेळ असते.

थर पुढे पातळ कापून, चेहऱ्याच्या आकारात छाटून, त्यातले बरेचसे पाणी दाबून काढून सीरममध्ये मुरवला जातो, आणि पाण्याची जागा हळूहळू सीरम घेते. या सगळ्या प्रवासात एक पथ्य कसोशीने पाळावे लागते: थर पूर्ण सुकू द्यायचा नाही. पाणी गेले की त्याने दूर ठेवलेल्या पट्ट्या एकमेकींवर कोसळतात, त्यांच्यात नवे हायड्रोजन बंध जुळतात आणि ते नंतर पाण्यात भिजवूनही सगळे सुटत नाहीत. सुकलेला थर कागदाइतका पातळ आणि विलक्षण ताठ होतो. हा दोष मास्कच्या दृष्टीने. जपानच्या सोनी कंपनीने 1980च्या दशकाअखेर याच ताठपणाचा उपयोग करून आपल्या महागड्या हेडफोनमधील ध्वनिपटल सुकवलेल्या जिवाणूजन्य सेल्युलोजचे बनवले. मास्कला मात्र तबकापासून ग्राहकापर्यंत ओलेच राहावे लागते, म्हणजे मालाच्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो आणि वाहतूक खर्चाचा मोठा भाग त्या पाण्यावर जातो.

त्वचेवर नेमके काय घडते

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असून बहुतेक ठिकाणी तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच पातळ असतो. त्यातून शरीरातील पाणी सतत बाहेर उडत असते. ओले कापड वर बसले की हे बाष्पीभवन थांबते, वरून पाणी मिळते आणि मृत पेशी फुगून त्वचा काही काळ गुळगुळीत, टवटवीत दिसते. कापड जेथे उचललेले राहते तेथे हे घडत नाही, आणि जिवाणूजन्य थराचा खरा फायदा येथेच आहे: त्वचेवरच्या बारीक रेषा आणि खळगे यांत तो वाकून बसतो, मध्ये हवेचे कप्पे राहत नाहीत, आणि त्वचा व थर यांमधला द्रवाचा पातळ पडदाच त्याला जागेवर धरून ठेवतो. भाजलेल्या जखमांवर झाकण म्हणून या पदार्थाचा उपयोग ब्राझीलमध्ये 1980च्या दशकापासून होत आला, तोही याच कारणाने.

जाहिराती मात्र यापुढे जाऊन सांगतात की असा मास्क घटकांना त्वचेत ‘खोलवर’ नेतो. हे दावे जपून घ्यावेत. बाहेरच्या थरातून आत जाऊ शकणाऱ्या रेणूचा आकार फार लहान असावा लागतो; त्वचाविज्ञानात सुमारे 500 डाल्टन ही ढोबळ मर्यादा मानली जाते, डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वजन. कोलॅजेन किंवा सीरममध्ये हमखास असणारे हायल्युरोनिक आम्ल यांचे रेणू याहून शेकडो-हजारो पटींनी मोठे असल्याने ते पृष्ठभागावरच ओलावा धरून राहतात. हायल्युरोनिक आम्लाचीही गंमत अशी की पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत; आता तेही मुख्यत्वे जिवाणूंच्या किण्वनातून मिळते, आणि सीरमला दाटपणा देणारा झँथन गमही जिवाणूजन्यच. फरक एवढाच की हे दोन्ही ढवळलेल्या टाक्यांत बनतात.

मास्क वेष्टनावर दिलेल्या वेळेहून अधिक ठेवणे फायद्याचे नाही, कारण सुकू लागलेले कापड त्वचेतला ओलावा ओढून घेऊ शकते. वापरून झालेला जिवाणूजन्य मास्क ताटलीवर पसरून रात्रभर सुकवला तर त्याचे पातळ, करकरीत पान होते आणि ते पाण्यात बुडवले तरी पूर्वीची जाडी परत येत नाही; सुती मास्क मात्र सुकवून पुन्हा भिजवला की पहिल्यासारखा होतो. सेल्युलोजचे हे पान मातीत कुजते, म्हणून ते ओल्या कचऱ्यात जाऊ शकते. त्याच्यासोबत आलेले जाळीचे आधार-पापुद्रे बहुधा प्लॅस्टिकचे आणि पाकीट अ‍ॅल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या चिकटवलेल्या थरांचे असते, ते कुजत नाही आणि त्याचे थर सुटे करून पुन्हा वापरणेही अवघड असते. त्यामुळे ते सुक्या कचऱ्यातच टाकावे लागते.